पाण्यात उभी असलेली माणसं

केशव गेल्याचं मला एका ट्रकवाल्यानं सांगितलं. शाळा सुटायला आली होती, दुसरीतली मुलं एका सुरात पाढे ओढत होती, आणि कारंज्याहून रुईच्या गाठी घेऊन पुलगावच्या गिरणीकडं निघालेला एक ट्रक नाचणगावात आमच्या शाळेसमोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि म्हणाला, "मास्टरजी की दीदी आप ही हो क्या?" केशव माझा धाकटा भाऊ, कारंज्याच्या प्राथमिक शाळेत मास्तर होता. हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर झाडून सगळ्या ट्रकवाल्यांशी त्याची दोस्ती. त्यांच्याच गाड्यांवर बसून तो अर्धा मुलूख हिंडायचा आणि त्यांच्याच हाती मला निरोप धाडायचा. ताई, रविवारी येतो. ताई, येत नाही. तेव्हा आताही तसलंच काही असणार असं धरून मी म्हणाले, "आता काय हवंय त्याला?" तो माणूस रुमालाची घडी घालत राहिला, उलगडत राहिला. मागं मुलांचे पाढे चालूच होते... कावीळ झाली होती म्हणे. कुणीतरी दिलेला झाडपाला खाऊन बरं वाटतंय असं म्हणत हा शाळेत जात राहिला, आणि मग एकाएकी सगळं आटोपलं.

त्याला आता काही आठवडे झाले. मला अजून एका जागी बसवत नाही. लिहायला बसते आणि चूल बघायला उठते, चुलीशी जाते आणि कशाला आले ते आठवत नाही. भेटायला येणारी माणसं म्हणायची, रडा बाई, मोकळं वाटेल. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. या पुरवणीच्या संपादकांनी "भावाविषयी चार शब्द लिहा" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच की मी का लिहू? लिहून घेण्याचं काम त्याचं होतं. तेही त्यानं धड केलं नाही.

धड काही न करणं हा त्याचा जन्माचा गुण. आमचं भाजीपाल्याच्या मळ्याचं घर. मोट बाबा हाकायचे आणि वाफ्यांना पाणी वळवायला केशवला उभं करायचे. हा एका वाफ्यात पाणी सोडायचा आणि पुलगावच्या रुळांवरून मालगाडीचा आवाज आला की फावडं टाकून पळायचा. वांगी पाण्यात बुडालेली, शेजारची मिरची तहानेनं माना टाकून. बाबा ओरडायचे, आई हसायची. पायाला भिंगरी होती नुसती. कोंबड्यांचा खुराडा बांधायला घेतला तो तीन भिंतींवर थांबला. त्या खुराड्यात कोंबड्या दारानं आत जायच्या आणि चौथ्या बाजूनं बाहेर यायच्या. मात्र एका ठिकाणी हा पोरगा तासन् तास हलायचा नाही. कुणी म्हातारं माणूस बोलायला लागलं की त्याच्या समोर फतकल मारून बसायचा, तोंडाकडं बघत, मधून मधून "हूं" म्हणत. बाजारात टोपल्यांमागं बसलेल्या बाया भाजी विकायचं सोडून त्याला आपल्या सासरच्या कागाळ्या सांगायच्या. मी काही सांगायला लागले की मात्र साहेबांना कुठंतरी जायचं असायचं.

पुढं तो वर्ध्याजवळच्या एका शिक्षक-विद्यालयात शिकायला गेला. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिथल्या मुख्य गुरुजींच्या मनात आलं की विद्यार्थ्यांनी सुटीत गावोगाव जावं, आणि म्हाताऱ्या माणसांना जे तोंडपाठ आहे ते कागदावर उतरवून आणावं. गाव कसं वसलं, दुष्काळ कसा काढला, कोण कुठून आलं. हे लोक गेले की त्यांच्याबरोबर सगळं जाईल, असं गुरुजी कळवळून सांगायचे. केशवच्या टोळीला हिंगणीच्या पुढं जंगलाच्या कडेला असलेला एक गोंडांचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, मिळाला. टोळीत दोन मुली होत्या, म्हणून सोबत कुणीतरी पोक्त बाईमाणूस हवं. शाळेला सुटी लागलेली, जिच्यावर कुणी अवलंबून नाही, असं बाईमाणूस म्हणजे मी. वैशाखाच्या उन्हात चार पोरांसाठी तीन दगडांवर भाकरी थापायला मी कशी काय तयार झाले, देव जाणे. केशवनं विचारलं नव्हतंच. ताई येतेय, असं सगळ्यांना आधीच सांगून मोकळा झाला होता.

टोल्यावर सगळ्यांत जुनं माणूस म्हणजे फुलाबाई. वाळक्या अंगाची, चिडकी, बिडीशिवाय घडीभर न राहणारी आणि स्वतःच्या आवाजाचा भारी अभिमान असलेली. घरात ती आणि तिची लेक सुभद्रा आपसांत गोंडीतच बोलत; आमच्याशी मराठी. टोळीतला सुधाकर हा हुशार, मोत्यासारखं अक्षर असलेला मुलगा. गुरुजींनी करून दिलेले प्रश्न त्यानं ओळीनं विचारायला सुरुवात केली. गाव केव्हा वसलं? पहिली विहीर कुणी खोदली? फुलाबाई म्हणाली, "मले काय मालूम? म्या पाह्याले होती का तवा?" मग पोरांनी प्रश्न गुंडाळून ठेवले आणि म्हटलं, आजी, तुमचे लोक कसे आले ते तरी सांगा. त्यावर ती खूश झाली. सावरून बसली, घसा साफ केला आणि सुरू झाली. चारही पोरांनी माना खाली घातल्या आणि भराभरा लिहायला लागली. चार वाक्यं झाली नाहीत तोच आवाज बंद. पोरांनी वर पाहिलं तर म्हातारी बिडी शिलगावत होती.

"सारे खाली पाहून राह्यले," ती म्हणाली. "म्या कोनाले सांगू? भुईले?"

मग सुभद्रानं उलगडून सांगितलं. त्यांच्या घराण्याची ही कथा नुसती सांगायची नसते. समोर एक हुंकारी देणारा लागतो. सांगणाऱ्यानं एक पाऊल टाकायचं, हुंकारी देणाऱ्यानं "हूं" म्हणायचं, मग दुसरं पाऊल. हूं आला नाही तर कथा जागच्या जागी उभी. केशवनं टाक खाली ठेवला. तसंही त्याचं अक्षर त्याचं त्यालाही लागायचं नाही. तो पुढं सरकला, फुलाबाईच्या समोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "सांग आजी."

त्यानंतरच्या संध्याकाळी मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. गुरं परतली की अंगणात बसायचं. फुलाबाई सांगतेय, केशव हूं म्हणतोय, बाकीची तिघं कडेला बसून लिहिताहेत आणि मी चुलीशी भाकरी करपवत ऐकतेय. डोंगरातलं त्यांचं रान जळालं तिथून कथा सुरू होत होती. मग माणसं निघाली. कुणाच्या डोक्यावर मिठाचं गाठोडं, कुणाकडं भोपळ्यात भरलेलं बियाणं, एका म्हातारीकडं गाडग्यात राखेखाली झाकलेला निखारा. मधेच फुलाबाई गोंडीत शिरायची, पोरांचे टाक थांबायचे, केशवचा हूं मात्र थांबायचा नाही. कधी लांब, कधी तुटका, कधी नुसता श्वासासारखा. मी एकदा त्याला म्हटलं, "लबाड, तुला कळतंय तरी का ती काय म्हणते ते?" तर म्हणाला, "मले नाई समजत ताई. पन म्या ऐकून राह्यलो, हे तिले समजते ना." विद्यालयात शिकून शुद्ध बोलायला लागलेला माझा भाऊ टोल्यावर चार दिवसांत पुन्हा आईसारखा बोलायला लागला होता. आणि जागचा हलत नव्हता. मला वाटलं, चला, पोराच्या पायातली भिंगरी सुटली एकदाची.

कुठली सुटतेय. माणसं चालत चालत एका नदीशी आली. मोठी नदी, पलीकडचा काठ दिसतोय, मागं फिरायची सोय नाही. एकमेकांचे हात धरून ती पाण्यात उतरली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं... आणि सेलूहून एकजण सायकल दामटत आला. कारंज्याच्या शाळेत मास्तरची जागा निघाली होती, उद्या सकाळी हजर व्हायचं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. बाबांनी त्या वर्षी अंथरूण धरलेलं, घराला नोकरी हवीच होती. केशव उभाच राहिला. कपड्यांची पिशवी खांद्याला अडकवून त्याच सायकलीच्या मागच्या बाजूला बसला आणि तिथून ओरडला, "आजी, त्याईले तिथंच थांबवजो! म्या आलोच!"

फुलाबाई म्हणाली, "येजो लवकर. थंडं हाये पानी."

आम्हाला वाटलं गंमत करतेय. दुसऱ्या दिवशी सुधाकर केशवच्या जागी बसला आणि मोठ्यानं हूं म्हणाला. फुलाबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. दिवसभर मनधरणी झाली, बिडीचं बंडल झालं, मुलींनी पाय चेपून पाहिले. काही उपयोग नाही. ज्यानं पहिला हूं दिला त्यानंच शेवटचा द्यायचा, हा त्या घरचा नेम. तोवर सांगणाऱ्यानं ती कथा दुसऱ्या कुणापुढं काढायची नाही, पोटच्या लेकीपुढंसुद्धा नाही. मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "अहो, पुन्हा पहिल्यापासून सांगा ना, सुधाकर हूं देईल." तेव्हा ती मला म्हणाली, "अवो, ते इथं पान्यात उभे हायेत. मंग तिकडून पुन्यांदा कसे निघतीन?"

पोरांनी होतं तेवढं सुवाच्य लिहून काढलं आणि खाली "अपूर्ण" असा शब्द टाकला. गुरुजींनी पाठ थोपटली. बाकी सगळ्यांपुरतं ते काम तिथं संपलं. केशवपुरतं नाही. अर्धवट ठेवलेल्या हजार गोष्टींनी ज्याची झोप कधी उडाली नव्हती, त्याला या एका गोष्टीनं छळलं. सुटीत घरी यायचा, जेवायला बसायचा आणि घास हातात धरून म्हणायचा, "ताई, त्याईच्या डोक्यावर मीठ हाये." मी म्हणायची, "गुमान जेव." आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला की हा त्यात बघत बसायचा. त्यात ही कथा मोहफुलं वेचून झाल्यावर सांगायची आणि पेरणीला नांगर निघाला की मिटायची; एरवी वर्षभर ती तोंडातून काढायची नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो बरोबर त्या दिवसांत टोल्यावर गेला, तर सुभद्राचा नवरा नुकताच वारलेला. सुतकाचं वर्ष, कथा बंद. फुलाबाईनं त्याला जेवू घातलं आणि म्हणाली, पुढच्या मोहाले ये. परत येताना तो माझ्याकडं उतरला होता. दारातच उभा राहून बोलला, बसला नाही. "अजून एक वर्ष ताई... इतका वेळ कोणी पाण्यात उभं राहतं का?" मी वैतागून म्हटलं, "अरे, गोष्टीतली माणसं ती, त्यांना काय होतंय?" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जशी मी वर्गातली ढ मुलगी आहे.

पुढचा मोह आला. केशव त्याआधीच गेला होता.

त्याची खोली रिकामी करायला मी कारंज्याला गेले. बाज विणायला काढली होती स्वारीनं. डोक्याकडची अर्धी विणलेली, पायाकडं नुसती लाकडं. त्या अर्ध्या बाजेवर तो पाय पोटाशी घेऊन झोपत असणार. मी तिथं उभी राहून त्याला मोठ्यानं शिव्या दिल्या. घरमालकीण दारात येऊन बघत राहिली. मग तिनं आत येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्याचे कपडे भरायला लागली.

मी परत आल्यावर दोनच दिवसांत हिंगणीकडचा एक भाजीवाला पुलगावच्या बाजारात मला शोधत आला. सुभद्राचा निरोप होता. बुढी खाटेवर पडली आहे, अन्न जात नाही, केशवभाऊले पाठवा. तिथं कुणालाच काही कळलेलं नव्हतं. भाजीवाल्याला मी सांगू शकले असते, त्यानं तिथं जाऊन सांगितलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "उद्या निघते."

सेलूपर्यंत मोटार, हिंगणीच्या पुढं कुणाच्या तरी बैलबंडीतून. बंडीत मला बसवेना, उतरून निम्मी वाट बैलांच्या पुढं चालले. बंडीवाला हसून म्हणाला, "मास्तरीनबाई, बैलायचे पैसे माफ करतो मंग." फुलाबाई अंगणातच खाटेवर होती. इतकी आटली होती की गोधडीखाली माणूस आहे हे कळू नये. डोळे मात्र तसेच, आणि बोटांत बिडी. माझ्या मागं पाहात तिनं विचारलं, "केशव कुठं हाये? पानी प्याले थांबला का?"

मी म्हटलं, "आजी, केशव गेला."

तिला कळलं. तिनं "कुठं" म्हणून विचारलं नाही. बिडीची राख झटकली आणि रागावून म्हणाली, "मले सांगतलं नाई त्यानं." मी म्हटलं, "मलाही नाही सांगितलं." त्या घडीला आख्ख्या जगात माझ्यासारखीच चिडलेली दुसरी बाई भेटली म्हणून मला इतकं बरं वाटलं, की मी खाटेच्या पायथ्याशी टेकले. मग मायलेकींचं गोंडीत सुरू झालं. सुभद्रा रडत होती, म्हातारी तिच्यावर डाफरत होती. पुढं मला मराठीत कळलं ते असं. कथा आता फुलाबाईबरोबर जाणार, हे दोघींनाही दिसत होतं. सुभद्रानं ती लहानपणापासून कानावर पडेल तेवढी ऐकली होती, पण तिच्या हाती रीतसर ती अजून आली नव्हती. मोकळी झाल्याशिवाय येणारही नव्हती. मेलेल्या माणसाची हुंकारी त्याच्या रक्ताच्या माणसानं दिली तर चालेल का? सुभद्रा म्हणत होती, चालेल. फुलाबाई म्हणत होती, "मले नाई मालूम. आजवर असं झालंच नाई." शेवटी ती माझ्याकडं वळली.

"तू त्याची सख्खी बहीन?"

"हो."

"बस मंग समोर. अशी काऊन उभी हायेस, पोलिसावानी?"

मला पळून जावंसं वाटलं. मी मास्तरीण आहे, मला दुसऱ्यांना गप्प करता येतं. तरी मांडी घालून बसले. सुभद्रानं आईला उशाशी टेकवून बसवलं आणि स्वतः मागं बसली. फुलाबाईनं विचारलं, "कुठं होतो आपन?" मी म्हटलं, "नदीत." ती म्हणाली, "हो. कमरेवरी पानी," आणि सुरू झाली. माझा पहिलाच हूं चुकला. तिचं वाक्य संपायच्या आत पडला. "घाई काऊन करतं?" ती खेकसली. "वाहून नेशीन एखांद्याले!" दुसरा उशिरा पडला. तिसऱ्याला ती काही बोलली नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हूं म्हणायला आधी श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सोडायचा तर खांदे खाली घ्यावे लागतात. माझे खांदे त्या ट्रकच्या दिवसापासून वर ओढलेले होते, ते मला तेव्हा कळलं.

पाणी छातीला आलं. काठावरच्या वेलींचा दोर केला. मिठाचं गाठोडं विरघळून गेलं, ज्याच्या डोक्यावर होतं त्याच्या गालांवरून खारं पाणी ओघळत राहिलं. म्हणून त्या घरी अजूनही नदी ओलांडताना चिमूटभर मीठ पाण्यात टाकतात. हूं. निखारेवाल्या म्हातारीनं गाडगं दातांत धरून पलीकडं नेलं. हूं. मग माणसं एकेक करून वर यायला लागली. फुलाबाई नाव घ्यायची, मी हूं म्हणायची, तो माणूस काठावर. पुढचं नाव, हूं, काठावर. सगळी गोंडी नावं, मला न कळणारी, पण प्रत्येकाला घेऊन वर येताना मला धाप लागत होती. फुलाबाईचा आवाज बारीक झाला होता तरी ती थांबेना. बियाण्याचा भोपळा वर आला. लेकुरवाळ्या आल्या. दोर धरणारा आला.

"आन सगळ्यायच्या मांगून," फुलाबाई म्हणाली, "केशव. नाचनगावचा. हुंकारी देनारा."

आणि माझ्याकडं बघत थांबली.

हे काही तिच्या कथेत असणार नाही, हे मलाही कळत होतं. मागं सुभद्रानं श्वास रोखलेला मला ऐकू आला. इतक्या दिवसांत दारी येणाऱ्या प्रत्येकानं मला "गेला हो" म्हटलं होतं आणि प्रत्येकाला मी मान हलवली होती, कारण मान हलवायला काही लागत नाही. आता मला तोंडानं म्हणायचं होतं. म्हटलं की तो पलीकडं. मग रविवारी येणार नाही, बुधवारी येणार नाही, ट्रकवाल्याच्या हाती निरोप धाडणार नाही. आणि म्हटलं नाही तर तो तिथंच, कमरेइतक्या पाण्यात, आणि त्याच्यापायी सगळी कथा. मी फुलाबाईकडं पाहिलं, तिनं नजर काढून घेतली नाही. बिडी तिच्या बोटांतच विझून गेली.

"म्हन ना, बाई," ती अगदी हळू म्हणाली. "भिजून राह्यला ना तो."

तेव्हा मला रडू आलं. रडत रडतच मी श्वास सोडला आणि म्हटलं, "हूं."

फुलाबाईनं मान हलवली. विझलेली बिडी खाली टाकली आणि पुढचं पाऊल उचललं.

"मंग ते सारे वाळूवर बसले," ती म्हणाली. "आंगावरचे कपडे पिळले, अन् वाळू घातले."